शिरोरेघ सगळ्यांची, अक्षर ज्याचं त्याचं

पडद्यावर दोन रेघा आहेत. पिवळी व्होल्टेजची, निळी करंटची. डावीकडचा पाव पडदा दोन्ही सपाट. मग पिवळी उठते आणि आपल्या ठरलेल्या वळणाने चढायला लागते. निळी तशीच पडून. स्विच पडलाय, ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगवर वीज येऊन ठेपलीय, आणि करंट जागचा हलत नाही. एक मिलिसेकंद गेला, दोन गेले, चार गेले. पिवळी शिखराच्या जवळ पोचते तेव्हा कुठे निळी कूस बदलते. आणि त्यानंतर ती चढत नाही, उसळते. पिवळी उतरणीला लागलेली असताना ही सरळ वर जाते, आणि पिवळी शून्यावर येऊन टेकते त्याच सुमाराला हिचं टोक लागतं. चौदा अँपिअर. ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर लिहिलेत ०.८७.

हे चित्र भोपाळच्या गोविंदपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका मित्राच्या लहानशा वर्कशॉपमधलं आहे. ट्रान्सफॉर्मर अगदीच सामान्य, २०० व्हीए, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढा. त्याच्या फेजच्या वायरीभोवती करंट प्रोब अडकवलेला, प्रोबची केबल ऑसिलोस्कोपला, आणि स्कोपचा ट्रिगर ‘सिंगल’वर, म्हणजे घटना एकदाच पकडायची आणि पडदा गोठवायचा. नशिबाने स्विच नेमका व्होल्टेजच्या शून्यापाशी पडला. ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगमध्ये आयुष्य गेल्यावर असली चित्रं मी शेकड्यांनी पाहिली असतील. हे मात्र प्रिंट काढून घरी आणलं.

भोपाळात राहायचं आणि विजेच्या यंत्रांबद्दल बोलायचं नाही, हे जमत नाही. १९५६ साली इथे हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजच्या तांत्रिक साहाय्याने. पुढे तीच ‘भेल’मध्ये विलीन झाली. मुंबईहून आलेल्या पाहुण्याला ‘आमचा भेलचा भाग’ म्हटलं की तो आधी चुरमुरे शोधतो. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वस्त्या त्या कारखान्याभोवती वाढल्या आणि आमच्यासारखी मराठी कुटुंबं नोकरीच्या धाग्याने इथे येऊन स्थिरावली. घरात मराठी, फाटकाबाहेर भोपाळी हिंदी, आणि कामावर तिसरीच भाषा: लोड, ट्रिप, अर्थिंग, इनरश.

त्या चौदा अँपिअरना नाव हेच. इनरश. पण नाव कळलं म्हणजे चित्र कळलं असं नव्हे.

माझे आजोबा मोडी वाचायचे. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढून घ्यायचा आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचा. रेघ सगळ्यांची सारखीच. वाचणाऱ्याची परीक्षा अक्षरात. व्होल्टेज आणि करंट यांचं नातं मला असंच वाटतं. व्होल्टेज वीज कंपनी देते. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, वीस मिलिसेकंदांची एक लाट, ती माझ्या घरी तीच आणि शेजारच्यांच्या घरीही तीच. तिच्याखाली करंट कसा लटकेल हे मात्र ते उपकरण ठरवतं. गिझरचा करंट व्होल्टेजची हुबेहूब नक्कल काढतो, शाळेतल्या कित्त्यासारखा. छताचा जुना पंखा तीच लाट गिरवतो, पण जरा मागे राहून. एलईडी बल्ब आणि मोबाइलचा चार्जर यांचं अक्षर वेगळंच: लाटेचा बहुतेक वेळ करंट शून्य, आणि व्होल्टेज शिखरापाशी आलं की तेवढ्यात एक अरुंद टोकदार घोट. आतल्या कपॅसिटरला तेवढ्याच वेळात पोट भरायचं असतं. नुसतं निळं अक्षर दाखवा, सवयीचा माणूस उपकरण ओळखतो.

स्कोपला स्वतःला करंट कळत नाही, ही यातली पहिली गंमत. त्याला फक्त व्होल्टेज कळतं. करंट दाखवायचा तर कुणीतरी त्याचं व्होल्टेजमध्ये भाषांतर करून द्यावं लागतं. सरळ रस्ता म्हणजे वायर तोडायची, मध्ये एक नेमक्या किमतीचा छोटा रोध घालायचा आणि त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज बघायचं. याला शंट म्हणतात. रस्ता सरळ आहे, पण त्यावर एक खड्डा आहे, आणि त्यात मी पडलेलो आहे. स्कोपच्या साध्या प्रोबची काळी क्लिप आतून थेट अर्थला जोडलेली असते. ती फेजच्या शंटला लावली की स्वतःच्या हाताने फेज-अर्थ शॉर्ट. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी लावली. क्लिपचं टोक वितळलं आणि मुख्य स्विच उडाला. पलीकडच्या टेबलावरचे वरिष्ठ चहा पीत होते. मान न वळवता म्हणाले, “लागली का?” एवढंच.

शंटशिवायचं साधन इलेक्ट्रिशियनच्या खिशात असतं: टाँग टेस्टर, जबडा उघडणारा चिमटा. वायर न तोडता भोवती अडकवा, आकडा वाचा. पण तो आकडाच देतो. आमचे चौदा अँपिअर काही मिलिसेकंदांत येऊन गेले. साधा चिमटा तोवर डोळे चोळत असतो. करंट प्रोब म्हणजे आकडा सांगण्याऐवजी रेघ काढणारा चिमटा. टेकट्रॉनिक्सचा टीसीपी००३०ए डीसीपासून १२० मेगाहर्ट्झपर्यंत आणि ३० अँपिअरपर्यंत वाचतो. जाडजूड पेनाएवढी वस्तू, आणि चांगल्या स्कूटरपेक्षा महाग. म्हणूनच आमच्या मित्राच्या वर्कशॉपात प्रोबला कुलपाचं कपाट आहे आणि मित्राच्या मोबाइलला नाही.

वायरीला हात न लावता आतलं कळतं कसं? इथे मला भोपाळचीच एक जुनी गोष्ट आठवते. डिसेंबर १७३७ मध्ये निजाम आपल्या फौजेनिशी भोपाळच्या आश्रयाला शिरला. बाजीराव तटाला भिडला नाही. त्याने वेढा घातला, रसद तोडली आणि बाहेर फिरत राहिला. जानेवारी १७३८ मध्ये दुराहा सराईला तह झाला. मराठीत तारेच्या गुंडाळीलाही वेढाच म्हणतात, आणि प्रोबचं सगळं शास्त्र या एका शब्दात बसतं. वाहत्या करंटभोवती चुंबकीय क्षेत्र गोल फिरत असतं. १८२० साली ओर्स्टेडच्या होकायंत्राची सुई त्यानेच हलली. अँपिअरचा नियम सांगतो की वायरीभोवती पूर्ण फेरी मारा, वाटेत भेटलेल्या क्षेत्राची बेरीज करा, वेढ्याच्या आत किती करंट आहे ते कळेल. आत शिरायची गरज नाही. वायर वेढ्याच्या अगदी मधोमध आहे की कडेला, यानेही तत्त्वतः बेरीज बदलत नाही. फेरी मात्र पूर्ण हवी. म्हणून प्रोबचा जबडा ‘टक्’ करून मिटल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. दोन पात्यांमध्ये धुळीचा कण राहिला तरी वेढा फुटला.

वेढ्यात कोण आहे तेही बघावं लागतं. वर्कशॉपमध्ये नवा आलेला पोरगा, आयटीआय झालेला, हुशार, पहिल्याच दिवशी त्याने प्रोब अख्ख्या केबलभोवती लावला. आत फेज आणि न्यूट्रल दोन्ही. जितका करंट जातो तितकाच परत येतो, बेरीज शून्य, पडद्यावर सपाट रेघ. “चचा, ये तो बंद पड़ा है.” ट्रान्सफॉर्मर समोर गुणगुणत होता. मी त्याला रागावलो नाही, कारण ती चूक नव्हती, दुसऱ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर होतं. दोघे एकाच वेढ्यात असताना शून्य येत नसेल तर थोडा करंट तिसऱ्याच वाटेने, अर्थमधून किंवा कुणाच्या तरी अंगातून, निसटतोय. घरच्या बोर्डावरची ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हाच हिशेब करत बसलेली असते.

जबड्याच्या आतली रचना मला याहूनही देखणी वाटते. आत चुंबकीय कोअर, त्याच्या फटीत एक इवलासा हॉल सेन्सर. एडविन हॉलला १८७९ मध्ये दिसलं होतं की करंट वाहणाऱ्या पातळ पत्र्यावर आडवं चुंबकीय क्षेत्र धरलं की कडांमध्ये बारीकसं व्होल्टेज उमटतं. म्हणजे सेन्सर क्षेत्र मोजतो आणि आपण वाचतो, असं वाटेल. तसं नाही. कोअरवर बऱ्याच वेढ्यांची एक वाइंडिंग असते. सेन्सरला क्षेत्राची चाहूल लागली की ॲम्प्लिफायर त्या वाइंडिंगमधून उलटा करंट सोडतो आणि कोअरमधलं क्षेत्र परत शून्यावर आणतो. आपण वाचतो तो हा उलटा करंट. भाजीवाल्याच्या तागडीत हेच होतं. भाजीचं वजन कुणी थेट बघत नाही. दुसऱ्या पारड्यात मापं टाकत काटा मधोमध आणायचा आणि मापं मोजायची. सेन्सरचं काम फक्त ‘काटा मध्ये आहे का’ एवढं सांगण्याचं. त्यामुळे त्याचा स्वतःचा वाकडेपणा मापात फारसा उतरत नाही.

वेगवान करंटला मात्र हा काट्याचा सावकाश व्यवहार झेपत नाही. तिथे तीच वाइंडिंग ट्रान्सफॉर्मरसारखी वागते आणि फॅरडेच्या प्रेरणेने आपोआप उलटा करंट उभा करते. डीसी आणि संथ लाटा सेन्सरकडे, वेगवान लाटा वाइंडिंगकडे, आणि मधल्या पट्ट्यात एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती काम असं जातं की रेघेवर सांधा दिसत नाही. तो सांधा न दिसण्यासाठी कुणीतरी किती रात्री जागला असेल, असं मला दरवेळी वाटतं.

खोडीही आहेत. मोठा करंट येऊन गेला की कोअर थोडा चुंबकित राहतो, आणि मग रिकाम्या जबड्यातही रेघ शून्याच्या जरा वर तरंगते. त्यासाठी डीगॉसचं बटण. वायर बाहेर काढायची, जबडा मिटायचा, बटण दाबायचं. आतून कमी कमी होत जाणारा एसी फिरतो आणि कोअरची आठवण पुसली जाते. ही पूजा न करता मोजायला बसणारे लोक मी पाहिलेत; त्यांचे रिपोर्टही पाहिलेत. करंट फारच बारीक असेल तर वायर जबड्यातून पाच वेळा फिरवायची, रेघ पाचपट होते, वाचताना पाचाने भागायचं. आणि प्रोबच्या अंगावर एक बाण असतो. करंट बाणाच्या दिशेने गेला तर रेघ वर, उलट गेला तर खाली. या बाणाकडे पुन्हा यायचं आहे.

आता त्या चित्राकडे. सुरुवातीच्या त्या चार मिलिसेकंदांच्या शांततेचं काय?

ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमधलं चुंबकीय फ्लक्स हे बँकेतल्या शिलकीसारखं असतं. व्होल्टेजचा धन अर्धा भाग म्हणजे भरणा, ऋण अर्धा भाग म्हणजे उचल. नेहमीच्या चालीत शिल्लक शून्याच्या वर जितकी जाते तितकीच खाली जाते, आणि कोअरचं पोलाद त्या मापाने बेतलेलं असतं. पण खातं नेमकं व्होल्टेजच्या शून्यावर उघडलं तर? पहिली उचल होण्याआधी अख्खा अर्धा भाग नुसता भरणाच. दहाव्या मिलिसेकंदाला शिल्लक नेहमीच्या दुप्पट. ट्रान्सफॉर्मरचं चांगलं पोलाद दोन टेस्लाच्या आसपास भरून जातं, आणि मोठे ट्रान्सफॉर्मर साधारण १.७ टेस्लावर चालवतात. दुप्पट म्हणजे ३.४. तेवढं त्या पोलादात मावत नाही. भरेपर्यंत कोअर व्होल्टेजला फुकटात थोपवून धरतो, करंट जवळजवळ लागतच नाही, तीच ती शांतता. भरला की त्याने हात टेकले. उरलेलं फ्लक्स रेटायला हवेइतकीच मदत मिळते, आणि सगळा भार करंटवर येतो. म्हणून चढ नाही, उसळी. आणि शिल्लक सर्वात मोठी भरणा संपताना असते, म्हणून करंटचं टोक व्होल्टेजच्या शून्यापाशी. पिवळी संपते तिथे निळी कळसाला.

त्यानंतरचा भाग मी सावकाश बघतो. टोकावरून निळी तितक्याच तातडीने उतरते, पंधराव्या मिलिसेकंदाच्या आसपास शून्याला टेकते आणि पुन्हा गप्प. खाली जातच नाही. ऋण बाजूला चौदा अँपिअरचं उत्तर नाही, साधी वळवळसुद्धा नाही. मग दुसरं शिखर, साडेनऊ. तिसरं सातच्या आसपास. सगळी एकाच बाजूला, रिकाम्या जागा सोडत उभी, उतरत्या उंचीची. ती उतरतात कशी, हेही रेघेतच लिहिलेलं आहे. प्रत्येक उसळीत वाइंडिंगचा रोध थोडं व्होल्टेज खातो, म्हणजे भरण्यातून दलाली कापली जाते आणि उचल मात्र पूर्ण होते. शिल्लक दर फेरीला थोडी खाली सरकते, अखेर शून्याच्या दोन्ही बाजूंना समान झुलायला लागते. अर्ध्या सेकंदाने या ट्रान्सफॉर्मरचा करंट काही मिलिअँपिअरवर आलेला होता. पाच वेढे घेतल्याशिवाय वाचता येईना.

शॉर्ट सर्किटच्या करंटचं चित्र याच्या शेजारी ठेवून बघावं. भोपाळात त्याची कमतरता नाही. १९६० साली सुरू झालेल्या सीपीआरआयचं, म्हणजे सेंट्रल पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूटचं, स्विचगिअर तपासणी केंद्र गोविंदपुऱ्यातच आहे. ब्रेकर, फ्यूज असली सामग्री तिथे मुद्दाम शॉर्ट करून पारखली जाते. तिथल्या मापाचे करंट हजारो अँपिअरचे, तिथे आपल्या पेनाएवढ्या प्रोबचं काम नाही. अशा ठिकाणी शंट किंवा रोगोव्स्की कॉइल वापरतात. कोअरच नसलेला, दोरीसारखा वाकणारा वेढा. कोअर नाही म्हणून तो भरत नाही. तो करंट नव्हे, करंटचा बदल सांगतो, मग इंटिग्रेटरने बेरीज करून करंट काढायचा. वॉल्टर रोगोव्स्की आणि स्टाइनहाउस यांनी १९१२ मध्ये तो मांडला. शॉर्ट सर्किटची रेघही आधी वर सरकलेली असते. मानकातल्या नेहमीच्या हिशेबाने ५० हर्ट्झला पहिलं टोक आरएमएसच्या अडीचपट धरतात, म्हणजे ४० किलोअँपिअरच्या ब्रेकरला १०० किलोअँपिअरचं टोक सोसावं लागतं. पण ती रेघ गोल असते. वर सरकलेली असली तरी लाटच, आणि ती खालीही जाते. इनरश टोकदार, एका बाजूचा, मध्ये मौन पाळणारा. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा रक्षक रिले हाच फरक ओळखतो. इनरशमध्ये १०० हर्ट्झचा, म्हणजे दुसऱ्या हार्मोनिकचा, अंश भरपूर. तो साधारण १५ टक्क्यांच्या वर दिसला की रिले म्हणतो, हा दोष नाही, स्विच टाकलाय, थांबा. रिलेला हे रसग्रहण आलं नसतं तर मोठे ट्रान्सफॉर्मर पुष्कळदा चालू करताक्षणी बंद पडले असते. गावाकडे ‘डीपी’, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, चालू करताना लोक दोन पावलं मागे सरकून तो ‘घूंऽऽ’ आवाज ओसरायची वाट बघतात. त्या आवाजात हीच उतरती शिखरं असतात.

एक गोष्ट चित्रात दिसत नाही, पण आहे. खातं शून्य शिलकीने उघडलं असं मी धरलं, ते खरं नाही. ट्रान्सफॉर्मर आदल्या वेळी बंद केला तेव्हा कोअरमध्ये थोडं फ्लक्स उरलं. ते तिथेच बसून राहतं, आठवडाभर, महिनाभर. पुढच्या वेळी हिशेब सुरू होतो तो ‘मागील पानावरून पुढे’. ती बाकी भरण्याच्या बाजूची असेल तर शांतता आखूड आणि शिखर उंच. उलट असेल तर शिखर बुटकं. प्रोबची आठवण आपण डीगॉसने पुसून घेतो, समोरच्या ट्रान्सफॉर्मरची पुसत नाही. म्हणजे आजच्या चौदा अँपिअरमध्ये काल संध्याकाळी पोराने कुठल्या क्षणी बटण दाबलं तेही मिसळलेलं आहे. रेघेच्या कुठल्या टिंबापर्यंत कालचं आणि कुठून आजचं, हे मला अजून सांगता येत नाही.

पोराला हे पटेना. मग आम्ही बसलोच. स्विच टाकायचा, टोक वहीत लिहायचं, बंद करायचं, पुन्हा. तोच ट्रान्सफॉर्मर, तीच वायर, तेच बोट. अकरा अँपिअर. तीन. सात. एकदा जवळजवळ काहीच नाही. पिवळी रेघ बघितली तर स्विच शिखराच्या ऐन टोकावर पडला होता. तेव्हा भरणा अर्धाच होतो आणि शिल्लक पहिल्या फेरीपासूनच रांगेत. पोरगा आता स्वतः सांगायला लागला, स्विच टाकण्याआधी अंदाज लावायला लागला, आणि अर्थातच चुकायला लागला, कारण बोटाला मिलिसेकंद कळत नाहीत.

सतराव्या वेळी निळी खाली गेली. तेरा अँपिअर, पण शून्याच्या खाली, कड्यावरून उलटी लटकल्यासारखी. पोरगा खुर्चीतून उठला. “को खां, ये तो उल्टा हो गया!” मला वाटलं, प्रोब काढून परत लावताना फिरला असणार. टेबलापाशी गेलो, चष्मा वर केला आणि वाकून पाहिलं.

बाण बरोबर होता.